मिऱ्याच्या एका दाण्यावर दिलेलं मैदान : न्यूयॉर्कच्या बोलिंग ग्रीनचं प्रकरण

मार्च १७३३ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉमन कौन्सिलने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या नगरपालिकेने, एक ठराव पास केला. ब्रॉडवे जिथे सुरू होतो तिथे किल्ल्यासमोर एक मोकळा तुकडा पडून होता, तो त्याच रस्त्यावरच्या काही रहिवाशांना भाडेपट्ट्याने द्यायचा, त्यांनी स्वतः कुंपण घालून तिथे बोलिंग ग्रीन, म्हणजे बोल्स हा खेळ खेळायची हिरवळ, करायचं, फिरायला पायवाटा काढायच्या, रस्त्याला शोभा येईल आणि शहरातल्या लोकांना जरा करमणूक होईल. घेणारे तिघे होते, जॉन चेंबर्स, पीटर बेयार्ड आणि पीटर जे, तिघेही शेजारचेच जमीनमालक. आणि भाडं? वर्षाला मिऱ्याचा एक दाणा.

न्यूयॉर्कमधली पहिली अधिकृत सार्वजनिक बाग म्हणून आज हीच जागा ओळखली जाते. क्षेत्रफळ जेमतेम अर्धा एकर, आकार थेंबासारखा. सगळे या जागेची गोष्ट इंग्लंडच्या राजाच्या पुतळ्यापासून सांगतात आणि आज तिथे उभ्या असलेल्या ब्राँझच्या बैलावर संपवतात. मला मात्र भाडेपट्ट्याचीच बाजू जास्त इंटरेस्टिंग वाटते, कारण सरकारी मोकळी जागा 'तुम्हीच सांभाळा हो' म्हणून शेजारच्या वजनदार माणसांच्या हातात दिली की पुढे काय काय होतं, हे बघायला तीनशे वर्षांचा अख्खा रेकॉर्ड इथे आयता मिळतो.

आधी जागा काय होती ते बघू. डचांनी १६२५-२६ च्या सुमारास मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला फोर्ट ॲमस्टरडॅम बांधायला घेतला आणि किल्ल्याच्या उत्तरेच्या दरवाजासमोर जे पटांगण राहिलं ते हे. इथूनच उत्तरेकडे मूळच्या लेनापे लोकांची जुनी वाट जायची, तिचाच पुढे ब्रॉडवे झाला. डचांच्या काळात इथे सैनिकांची कवायत व्हायची, गुरांचा बाजार भरायचा, जवळच्या मार्केटफील्ड स्ट्रीटच्या नावात तो बाजार अजून शिल्लक आहे. डच वसाहतीचा प्रमुख पीटर मिनुइटने ६० गिल्डरला मॅनहॅटन विकत घेतलं ते इथेच, असंही सांगतात, पण तो मान सांगणाऱ्या जागा मॅनहॅटनमध्ये आणखीही आहेत, तेव्हा त्यावर फार विसंबू नका. १६६४ ला इंग्रज आले, नावं बदलली, पटांगण तसंच राहिलं. मुद्दा एवढाच की १७३३ च्या आधी ही जागा रिकामी असली तरी बिनकामाची नव्हती. बाजार, कवायत, ये-जा, गर्दी, सगळं तिथे चालायचं.

आता खेळाबद्दल थोडं, कारण आपल्याकडे २०२२ पर्यंत लॉन बोल्स हा प्रकार कुणाच्या खिजगणतीत नव्हता. मग बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की या चौघींनी फायनलला दक्षिण आफ्रिकेला १७-१० ने हरवून गोल्ड आणलं आणि एका रात्रीत सगळ्यांना बायस, जॅक वगैरे शब्द कळायला लागले. एक छोटा पांढरा किंवा पिवळा चेंडू, म्हणजे जॅक, पुढे टाकायचा आणि आपले मोठे बोल गडगडवत त्याच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन थांबवायचे. बोल पूर्ण गोल नसतो, एका बाजूला कलता असतो म्हणून तो वळत जातो, हाच तो बायस, सगळी गंमत त्या वळणात. पण त्यासाठी मैदान टेबलासारखं सपाट पाहिजे आणि गवत अगदी बारीक कापलेलं, जरा खड्डा पडला, एखादी गाय चालून गेली की खेळ बोंबलला. आज यंत्रं असूनही ग्रीन राखणं खर्चिक काम आहे, १७३३ मध्ये तर गवत विळ्याने कापायचे. थोडक्यात हा खेळ आणि गुरांचा बाजार एका जागी नांदूच शकत नाहीत. ग्रीन करायचं ठरवलं तेव्हाच त्या पटांगणावर कोण येणार आणि कोण नाही हेही ठरून गेलं.

ठरावातली कलमं नीट वाचली की मजा येते. कौन्सिलने एक अट घातली होती, की कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी पन्नास-पन्नास फूट रस्ता सोडायचा. म्हणजे रस्त्याची रुंदी फुटात मोजून लिहिली आहे, पण 'शहरातल्या रहिवाशांच्या आनंदासाठी' या वाक्यातले रहिवासी कोण ते कुठेच सांगितलेलं नाही. न्यूयॉर्क तेव्हा आठ-दहा हजार वस्तीचं गाव होतं आणि त्यातला साधारण पाचातला एक माणूस कृष्णवर्णीय, बहुतेक गुलाम. वॉल स्ट्रीटच्या टोकाला १७११ पासून गुलामांचा बाजार होता, इथून चालत काही मिनिटांवर. ग्रीनवर बोल टाकायला यांच्यापैकी कुणाला बोलावणं असेल असं मला तरी वाटत नाही.

मिऱ्याच्या दाण्याचं काय ते पण सांगतो. इंग्रजी कायद्यात करार टिकायचा तर दोन्ही बाजूंनी काहीतरी द्यावं लागतं, फुकट दिलं तर करार लटका पडतो, म्हणून काहीतरी नाममात्र मोबदला लिहायचा, गुलाबाचं एक फूल किंवा मिऱ्याचा एक दाणा. पैशाचा प्रश्नच नसतो, दाणा घेतला म्हणजे मालक मीच आणि तू भाडेकरू एवढं कागदावर राहतं. गंमत म्हणजे ज्या मिऱ्यासाठी पोर्तुगीज, डच, इंग्रज सगळे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन एकमेकांच्या उरावर बसले, तोच मिरी इकडे 'जवळजवळ फुकट' या अर्थाने वापरला जात होता. आपल्याकडे त्या दाण्याच्या जागी एक रुपया असतो.

आणि इथेच मला हे प्रकरण आपलं वाटतं. मुंबईत मोकळी मैदानं आणि बागा 'दत्तक' द्यायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. महापालिकेकडे पैसे नाहीत किंवा माणसं नाहीत किंवा इच्छा नाही, म्हणून एखादी संस्था पुढे येते, कुंपण घालते, गवत लावते, जागा खरंच सुधारते, आणि मग काही वर्षांनी कळतं की आत जायला मेंबरशिप लागते आणि कोपऱ्यात क्लबहाऊस उभं राहिलंय. जानेवारी २०१६ मध्ये पालिकेने यासाठी नवं धोरण मंजूर केलं तेव्हा एवढा गदारोळ झाला की मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली आणि दिलेले प्लॉट परत मागवायची वेळ आली. बाजू मांडणारे म्हणायचे, दत्तक दिलं नसतं तर तिथे डेब्रिज पडलं असतं आणि झोपड्या उठल्या असत्या. खोटं नाही ते. न्यूयॉर्कच्या कौन्सिलनेही नेमका हाच विचार केला असणार, जागा पडून आहे, शेजारी स्वखर्चाने करतायत, आपलं काय जातंय.

मग शेजाऱ्यांचं काय गेलं आणि काय आलं? खर्च झाला हे खरं. पण घरासमोर गुरांच्या बाजाराऐवजी हिरवळ आली आणि अठराव्या शतकात बघता बघता हा शहरातला सगळ्यात उच्चभ्रू पत्ता झाला. नंबर वन ब्रॉडवेला केनेडी हाऊस उभं राहिलं, शेजारी तसेच बंगले. तिघांनी काही कट केला असं मी म्हणत नाही, पण ज्याच्या दारासमोरची जागा त्यालाच सुशोभीकरणाचं काम दिलं तर तो आधी स्वतःच्या खिडकीतून काय दिसतं तेच बघणार ना.

पुढे ज्या लोकांना आत बोलावणं नव्हतं ते १ नोव्हेंबर १७६५ च्या रात्री न बोलावता आले. स्टॅम्प ॲक्ट, म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींतल्या कागदपत्रांवर बसवलेला कर, लागू व्हायचा दिवस. जमावाने कार्यवाहक गव्हर्नर कॅडवॉलडर कोल्डनची घोडागाडी त्याच्या तबेल्यातून ओढून काढली, त्याचा पुतळा केला, शहरभर मिरवला आणि बोलिंग ग्रीनवर आणून दोन्ही पेटवलं. जळणाला हाताशी काय होतं तर ग्रीनचं लाकडी कुंपण, त्याच्या फळ्या उपटल्या आणि टाकल्या आगीत. बत्तीस वर्षांनी शहरातले 'रहिवासी' खऱ्या अर्थाने ग्रीनवर आले ते असे.

स्टॅम्प ॲक्ट पुढच्याच वर्षी रद्द झाला आणि त्या आनंदात प्रांताच्या असेंब्लीने राजा तिसऱ्या जॉर्जचा पुतळा बसवायचं ठरवलं. लंडनच्या जोसेफ विल्टनने तो केला, घोड्यावर बसलेला राजा, अंगात रोमन सम्राटासारखा वेश, आतून शिसं आणि वरून सोन्याचा मुलामा. वजन साधारण ४,००० पौंड. ऑगस्ट १७७० मध्ये तो ग्रीनच्या मधोमध उभा राहिला. मैदानाच्या मध्यावर राजा घोड्यासकट आल्यावर बोल गडगडवायला सपाट जागा उरणार कुठून, त्यामुळे खेळाचा विषय माझ्या मते तिथेच संपला, नाव तेवढं मागे राहिलं.

आता हे बघा. पुतळा बसल्यावर वर्षभरात, १७७१ मध्ये, कौन्सिलच्या नोंदीत काय येतं? की या ग्रीनला कुंपण घातलं नाही तर ती जागा लवकरच आजूबाजूच्या सगळ्या घाणकचऱ्याची कुंडी होईल. अरे, म्हणजे अडतीस वर्षांपूर्वी ज्या जागेला कुंपण घालून शोभा आणायच्या बोलीवर दाण्याच्या भाड्याने दिली होती, तिची ही अवस्था. मग लोखंडी कुंपण करायचं ठरलं, खर्च ८०० पौंड, तेव्हाच्या मानाने प्रचंड रक्कम, आणि तीही आता सरकारी. रहिवाशांसाठी नव्हे, राजाचा पुतळा सुरक्षित राहावा म्हणून. माझं या प्रकरणातलं सगळ्यात मोठं निरीक्षण हेच आहे, की सार्वजनिक जागेवर सार्वजनिक पैसा आला तो तिथे सत्तेची काहीतरी वस्तू येऊन बसली तेव्हा.

पाच वर्षांत तीही वस्तू गेली. ९ जुलै १७७६ ला कॉमन्समध्ये, म्हणजे आज सिटी हॉल पार्क आहे तिथे, वॉशिंग्टनच्या सैन्यापुढे स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला आणि ऐकून तापलेले सैनिक आणि गावकरी ब्रॉडवेवरून सरळ खाली ग्रीनवर. दोर लावले, राजा घोड्यासकट खाली. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनने आपल्या हुकमात लिहिलं की भावना समजू शकतो पण हा प्रकार दंग्यासारखा दिसतो, असली कामं सैनिकांनी करायची नाहीत. शिसं गाड्यांत आणि होडीत भरून कनेक्टिकटमधल्या लिचफील्डला पाठवलं, तिथे ऑलिव्हर वोलकॉट या तिथल्या पुढाऱ्याच्या अंगणात घरच्या आणि गावातल्या बायकापोरांनी ते वितळवून गोळ्या ओतल्या. हिशेब लिहून ठेवलाय, ४२,०८८ गोळ्या. राजाच्याच शिशाने राजाचेच सैनिक.

पण गोळ्यांचं वजन आणि पुतळ्याचं वजन जुळत नाही, बरंच शिसं वाटेतच गायब झालं होतं. राजाशी इमान असलेल्यांनी रातोरात तुकडे पळवले, पुरून ठेवले. मुंडकं इंग्रजांच्या हाती परत लागलं आणि इंग्लंडला गेलं. घोड्याची शेपटी कनेक्टिकटमधल्या विल्टन गावच्या दलदलीत १८७१ मध्ये सापडली, आज ती न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीत आहे. चौथऱ्याचा एक दगड तर आणखीनच फिरला, १७८३ मध्ये मेजर जॉन स्मिथ नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या थडग्यावर तो बसवला, नंतर कुणाच्या तरी घराची पायरी झाला, शेवटी तोही म्युझियममध्ये. आपण त्या मानाने फारच सभ्य, काळा घोड्यावरच्या एडवर्डला १९६५ मध्ये उचलला आणि राणीच्या बागेत नेऊन ठेवला, गोळ्याबिळ्या काही केल्या नाहीत.

कुंपण मात्र राहिलं. खांबांच्या टोकांवर शोभेचे नग होते, राजमुकुटाचे म्हणतात, ते लोकांनी करवतीने कापून नेले, पण खांब आणि गज कुणी उपटले नाहीत. कुणी न्यूयॉर्कला गेलात तर बैलासमोरच्या फोटोच्या रांगेत तासभर घालवण्यापेक्षा बाजूच्या कुंपणाच्या खांबावर हात फिरवा, वरचं टोक सरळ गुळगुळीत नाही, खडबडीत आहे, प्रत्येकाचं वेगळं, कापताना जशी करवत चालली तसं. अडीचशे वर्षांत कुणी ते घासून साफ केलं नाही हे मला फार आवडतं. १९७० मध्ये या कुंपणाला शहराने लँडमार्कचा दर्जा दिला.

आता तुम्हाला वाटेल की क्रांती झाली, राजा गेला, म्हणजे बाग लोकांची झाली. छे. १७७६ च्या सप्टेंबरमधल्या मोठ्या आगीत ब्रॉडवेच्या पश्चिमेचा बराच भाग जळला पण अगदी टोकाचे बंगले वाचले. १७९० च्या सुमारास किल्ला पाडून तिथे राष्ट्राध्यक्षांसाठी गव्हर्नमेंट हाऊस बांधलं, तोवर राजधानीच फिलाडेल्फियाला गेली, राष्ट्राध्यक्ष तिथे राहायला आलेच नाहीत. १८१५ ला तेही पाडलं, प्लॉट पाडून विकले आणि श्रीमंत व्यापाऱ्यांनी घरं बांधली. आणि १८१९ मध्ये कॉमन कौन्सिलने जाहीर केलं की शेजाऱ्यांनी झाडं लावावीत, बागेची निगा राखावी, आणि त्या बदल्यात बाग फक्त त्यांच्या कुटुंबांना वापरता येईल.

१७३३ मध्ये निदान 'शहरातल्या रहिवाशांसाठी' असं लिहायची लाज तरी होती. १८१९ मध्ये प्रजासत्ताकाच्या नगरपालिकेने ते पण सोडून दिलं, आणि राजासाठी सरकारी पैशाने केलेलं लोखंडी कुंपण आता शेजाऱ्यांची प्रायव्हसी सांभाळायला कामाला आलं. मी हे प्रकरण कुणाला एका वाक्यात सांगायचं झालं तर ही दोन सालं शेजारी-शेजारी ठेवून सांगेन.

बरं मग ती परत सुटली कशी? आंदोलन नाही, कोर्टकेस नाही. श्रीमंत लोक उत्तरेकडे नव्या वस्तीत सरकले, एवढंच. बंदर वाढलं, गोंगाट वाढला, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या घरांत आगबोट कंपन्यांची ऑफिसं आली, त्या रांगेला स्टीमशिप रो म्हणायला लागले. मध्ये क्रोटन नदीचं पाणी नळाने शहरात आलं तेव्हा बागेत कारंजंही झालं. घरात राहणारी कुटुंबंच उरली नाहीत मग बाग 'फक्त त्यांच्यासाठी' ठेवणार कोण, तिकिटं काढायला आलेले लोक, खलाशी, कारकून सगळे आत बसायला लागले.

पुढचं भराभर सांगतो. किल्ल्याच्याच जागेवर आर्किटेक्ट कॅस गिल्बर्टची भलीमोठी कस्टम हाऊसची इमारत १९०७ मध्ये पूर्ण झाली. तिच्या दारात शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंचचे चार खंडांचे पुतळे आहेत, त्यातली आपली आशिया बघून जरा चिडायला होतं, डोळे मिटून बसलेली बाई, मांडीवर छोटी मूर्ती, पायाखाली कवट्या आणि बाजूला वाघ. अमेरिका अर्थातच तरतरीत, पुढे झेपावणारी. आज त्या इमारतीत मूळ अमेरिकन लोकांचं म्युझियम आहे, ज्यांच्या वाटेवर हे सगळं उभं राहिलं त्यांचं. १९०५ ला बागेच्या पायाशी सबवे स्टेशन झालं, समोर स्टँडर्ड ऑइल आणि क्युनार्ड या आगबोट कंपनीच्या इमारती उठल्या. १९७० च्या दशकात बागेला पुन्हा अठराव्या शतकासारखं रूप देण्यात आलं. बोलिंग काही परत आलं नाही, ज्यांना ते खेळायचंय ते सेंट्रल पार्कमध्ये जातात.

आणि मग १५ डिसेंबर १९८९ च्या रात्री आर्टुरो डी मोडिका या शिल्पकाराने साडेतीन टनांचा ब्राँझचा बैल कुणालाही न विचारता स्टॉक एक्स्चेंजसमोर आणून ठेवला. तो जप्त झाला, लोकांनी आरडाओरडा केला, आणि आठवडाभरात शहराने त्याला बोलिंग ग्रीनच्या उत्तर टोकाला जागा दिली, कुंपणाच्या बाहेर, तात्पुरत्या परवानगीवर. २०१७ च्या मार्चमध्ये एका फंड कंपनीने त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवलेल्या मुलीचा पुतळा बसवला, तोही तात्पुरत्या परवानगीवर, त्यावर डी मोडिका भडकला की माझ्या बैलाचा अर्थच बदलला, मालकी कुणाची आणि जागा कुणाची यावर महिनोन्महिने चर्चा. २०१८ च्या शेवटी मुलीला उचलून स्टॉक एक्स्चेंजसमोर नेलं. बैल तिथेच आहे, १९८९ च्या तात्पुरत्या परवानगीवर येऊन बसलेला, आणि त्याच्या भाड्यापोटी कुणी शहराला मिऱ्याचा दाणासुद्धा देत असेल असं वाटत नाही.